नोकरी सोडण्यापूर्वी एकदा रक्तदाब मोजा

गेल्या श्रावणातली गोष्ट. सोमवार, आमच्या गावचा बाजाराचा दिवस. दवाखान्यात नेहमीप्रमाणे गर्दी होती. बाराच्या सुमारास एक ओळखीचे गृहस्थ आत आले. वय ४६. जवळच्या साखर कारखान्यात हिशेब खात्यात २२ वर्षे नोकरी. खुर्चीवर टेकता टेकताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पित्ताच्या गोळ्या जरा जास्तच लिहा. महिनाभर पुरतील एवढ्या. आणि झोपेची एखादी गोळी."

मी विचारले, "का हो, कुठे गावाला चाललात?"

"तेच तर ठरत नाही ना!" ते म्हणाले.

मग हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. त्यांच्या कॉलेजातल्या मित्राने चाकणच्या एका खासगी कंपनीत त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. पगार आताच्या जवळजवळ दुप्पट. हाताखाली सहा माणसे. शुक्रवारपर्यंत कळवायचे होते. इकडे कारखान्याचे क्वार्टर, ऑफिस पाच मिनिटांवर, दुपारी घरी गरम भाकरी आणि अर्धा तास आडवे होणे. पगार कधी दोन महिने लांबतो, पण होतो. गावात चार माणसे मान देतात. थोरली मुलगी दहावीत. आई पंच्याहत्तरीची, तिला हे गाव सोडवत नाही. अकरा रात्री या माणसाला धड झोप नव्हती. एक रात्र 'जावे' असे ठरायचे, दुसऱ्या रात्री 'नको'.

शेवटी त्यांनी मलाच विचारले, "तुम्हीच सांगा डॉक्टर, जाऊ की नको?"

मी म्हणणार होतो की हा प्रश्न डॉक्टरचा नाही. पण सवयीने हाताला पट्टा बांधला आणि रक्तदाब पाहिला. १६८/१०४. दहा मिनिटे बाहेर शांत बसवून पुन्हा पाहिला. १६०/१००. तेव्हा ध्यानात आले, की निदान निम्मा प्रश्न तरी डॉक्टरचाच आहे. (या लेखातील रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वाचकहो, सुखाची, अंगवळणी पडलेली नोकरी सोडून नवी संधी घ्यावी की नाही, या पेचात सापडलेली माणसे आमच्याकडे वर्षभर येत असतात. 'नोकरीचे काय करू' म्हणून ती येत नाहीत. पित्त, डोकेदुखी, छातीत धडधड, झोप नाही, साखर अचानक वाढली, अशा तक्रारी घेऊन ती येतात. आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

चांगला बदलही शरीराला महाग पडतो

आपल्या मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांना ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. संकट आले की त्या ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. हृदय जोरात चालते, रक्तदाब चढतो, यकृतातली साखर रक्तात येते, झोप उडते. अंगावर कुत्रे धावून आले तर ही व्यवस्था आपला जीव वाचवते. कुत्रे निघून गेले की सगळे पूर्ववत होते.

न झालेल्या निर्णयाचे मात्र तसे नसते. ते कुत्रे दारातच बसून राहते. दिवसा ऑफिसात, रात्री अंथरुणात, जेवताना, देवपूजेतही ते समोर असते. धोक्याची घंटा वाजत राहते आणि ती बंद करायला कोणी येत नाही. ज्याला मधुमेह आहे त्याची साखर वाढते, ज्याचा रक्तदाब काठावर आहे त्याचा काठ ओलांडतो.

लोकांचा समज असा, की ताण फक्त वाईट गोष्टींचा येतो. अमेरिकेत थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांची एक यादी तयार केली. प्रत्येक घटनेशी जुळवून घ्यायला माणसाला किती कष्ट पडतात, त्याचे गुण ठरवले. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, लग्नाला ५०. लग्न तर आनंदाचे, तरी ५०! आणि सुट्टीवर जाण्यालासुद्धा १३.

आता आमच्या या गृहस्थांचा हिशेब त्या यादीवर मांडू. वेगळ्या प्रकारच्या कामात जाणे ३६. आर्थिक स्थितीत बदल ३८. कामाच्या वेळा व परिस्थिती बदलणे २०. राहते घर बदलणे २०. मुलांची शाळा बदलणे २०. झोपेच्या सवयी बदलणे १६. खाण्याच्या सवयी बदलणे १५. ऊठबस, मित्रमंडळी बदलणे १८. बेरीज झाली १८३. वर्षभरातील बेरीज १५० च्या आत असेल तर आजारपणाचा धोका कमी, १५० ते ३०० मध्ये मध्यम आणि त्यापुढे जास्त, असा त्या डॉक्टरांचा ढोबळ अंदाज होता. ही यादी परदेशातील आणि जुनी आहे, आपल्याला ती जशीच्या तशी लागू पडणार नाही. पण तिच्यातला मुद्दा खरा आहे. पगार दुप्पट होणे हा बदल चांगला असला तरी त्याचे बिल शरीराच्या नावावर फाटते. ते बिल भरायची ऐपत शरीरात आहे का, हे आधी पाहावे.

दोष नोकरीचा की रक्ताचा?

आता याच्या उलट बाजू. पुष्कळ जण नोकरीला कंटाळून ती सोडायला निघतात आणि दुखणे निराळेच असते.

एका पतसंस्थेत १७ वर्षे काम करणाऱ्या एक बाई. वय ४१. "डॉक्टर, मला आता ती नोकरी नकोच. सकाळी उठवत नाही. काउंटरवर बसले की डोके जड होते. नोटा मोजताना चुकते. सोडते आणि घरीच मसाल्यांचा धंदा करते." राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला होता. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जड, वर्षभरात वजन सात किलो वाढलेले. तपासले तेव्हा थायरॉइडची तपासणी बिघडलेली आणि हिमोग्लोबिन ८. थायरॉइडची गोळी आणि लोह सुरू केले. चार महिन्यांनी त्या हसतमुख आल्या. राजीनाम्याचे विचारले तर म्हणाल्या, "अहो, पतसंस्था तीच आहे, पण आता ती मला जड वाटत नाही." मसाल्याचा धंदा त्यांनी सोडला नाही. दिवाळीपुरता करून पाहिला. चार पैसे मिळाले, पुढच्या वर्षी वाढवणार आहेत. पगार चालू आहे.

म्हणून थकवा, चिडचिड, विसराळूपणा, कामात मन न लागणे या तक्रारी असतील तर त्याचा सगळा दोष साहेबाच्या माथी मारण्यापूर्वी एवढे करून घ्या : हिमोग्लोबिन, थायरॉइडची तपासणी, उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, आणि रक्तदाब. शाकाहारी मंडळींनी, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांनी जीवनसत्त्व बी-१२ ही पाहावे. तुम्ही मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे घरच्यांना विचारा. असे असेल तर रात्रभर अंथरुणात पडूनही झोप पुरी होत नाही आणि माणूस दिवसभर पेंगतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर ते नैराश्य असू शकते. नैराश्यात माणसाला सगळ्याच वाटा बंद दिसतात. त्या अवस्थेत घेतलेला निर्णय बरे झाल्यावर आपलाच वाटत नाही. आधी उपचार घ्यावेत, निर्णय थोडा थांबेल.

तपासण्या चांगल्या आल्या आणि तरीही थकवा गेला नाही, तर एक साधी वही करा. तीन आठवडे रोज रात्री तीन ओळी लिहा. झोप किती, तक्रार काय, आज काय झाले. रविवारी किंवा रजेवर असताना तक्रार नाहीशी होते आणि कामावर जायची वेळ आली की परत येते, असे दिसले तर दोष नोकरीत असण्याचा संभव जास्त. रजेतही तसेच वाटत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

कामामुळे माणूस आतून झिजतो हे आता जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या रोगांच्या यादीत या झिजण्याची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे, आणि पूर्वीइतके काम हातून न होणे. याला रोग म्हटलेले नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटले आहे. म्हणजे त्यावर फक्त टॉनिकच्या बाटलीने भागत नाही, कामातच काही बदलावे लागते.

थांबण्याचीही किंमत असते

हे वाचून कोणी म्हणेल, 'डॉक्टर सगळ्यांना आहे तिथेच बसा म्हणतायत.' तसे मुळीच नाही.

सूतगिरणीत जॉबर असलेले एक गृहस्थ माझे जुने रुग्ण. ४४ व्या वर्षी त्यांना एका प्रशिक्षण केंद्रात मुलांना शिकवायची जागा चालून आली होती. पगार थोडा कमी, पण दिवसपाळी आणि आवडीचे काम. ते गेले नाहीत. 'हातचे सोडून पळत्याच्या पाठी कशाला', असे घरात सगळे म्हणाले. पुढे आठ वर्षे त्यांनी पाळ्या केल्या. ५२ व्या वर्षी छातीत कळ आली, अँजिओप्लास्टी झाली. नोकरीमुळेच हे झाले असे मी म्हणणार नाही. विडी होती, वडिलांनाही हृदयविकार होता. पण अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती ही : "डॉक्टर, ते बोलावणं आलेलं पत्र मी अजून ट्रंकेत जपून ठेवलंय."

इंग्लंडमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा फार मोठा अभ्यास झाला आहे. व्हाइटहॉल अभ्यास या नावाने तो ओळखला जातो. मायकेल मार्मट आणि त्यांचे सहकारी तो करत आले आहेत. १९८५ साली सुरू झालेल्या त्याच्या दुसऱ्या टप्प्यात १० हजारांहून अधिक कर्मचारी होते. सगळ्यांच्या नोकऱ्या ऑफिसातल्या आणि बऱ्यापैकी सुरक्षित. आपल्याला वाटते, हृदयविकार मोठ्या साहेबांना होतो, कारण त्यांच्या डोक्यावर भार. दिसले ते उलट. खालच्या पायरीवरच्या लोकांत तो अधिक होता. त्याचे एक कारण असे निघाले, की ज्यांचा आपल्या कामावर ताबा कमी, म्हणजे काय करायचे, कसे करायचे, केव्हा करायचे यातले काहीच ज्यांच्या हाती नाही, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त होते.

तेव्हा 'आरामाची नोकरी' म्हणताना जरा तपासून पाहा. शरीराला आराम आहे, पण मनाचे काहीच चालत नाही, अशी नोकरी आतून पोखरू शकते. आणि नव्या जागी पगार वाढला, पण आपल्या हातात काहीच राहणार नसेल, तर तिथेही तेच होईल. पगाराच्या आकड्याबरोबर हा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारा : माझ्या कामात माझे किती चालते?

राजीनामा पिठाच्या डब्याखाली

आता थोडे स्वतःविषयी. मी स्वतः सरकारी आरोग्यसेवेत होतो. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा माझी १३ वर्षे झाली होती. त्या पावसाळ्यात आम्ही कित्येक आठवडे तीन-चार तासांवर झोपलो नाही. अशातच एका आढावा बैठकीत माझा नसलेला दोष माझ्या पदरी घालून चारचौघांत मला बोलणी बसली. घरी आलो आणि रात्री साडेअकराला राजीनामा लिहिला. पत्नीने तो वाचला, घडी केली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला. म्हणाली, "आठ दिवसांनी मागा. तेव्हाही द्यावासा वाटला तर मी स्वतः पोस्टात टाकते."

आठ दिवसांत दोन रात्री चांगली झोप मिळाली. कागद काढून वाचला तर तारीख नव्हती, एक वाक्य अर्धवट होते आणि सबंध पत्रात त्या साहेबांशिवाय दुसरे काही नव्हते. मला लाज वाटली. मी ते फाडले.

नोकरी मी पुढे सोडलीच, २०११ साली. पण त्या साहेबांमुळे नव्हे. दर काही वर्षांनी बदली होई आणि उपचार अर्धे झालेले रुग्ण मागे राहत. मला एकाच गावात बसून तीच कुटुंबे वर्षानुवर्षे पाहायची होती. हे कारण शांत डोक्याने सापडले. मधल्या काळात मी जागा पाहिली, थोडी शिल्लक टाकली, स्वतःचा रक्तदाब मोजला. तो १५० वर होता, मला पत्ताही नव्हता! त्या रात्री पत्र गेले असते तर नोकरीही गेली असती, हाती जागा नसती, आणि राग घेऊनच नवा दवाखाना उघडला असता. नव्या दवाखान्यातही चार त्रासदायक माणसे भेटतातच. मग मी कुठे गेलो असतो?

झोपेचा प्रश्न मी गमतीने सांगत नाही. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली दाखवले, की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची हुशारी व चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याने ०.०३ टक्क्यांपर्यंतच सूट आहे. म्हणजे पहाटे ५ ला उठलेला माणूस रात्री १० वाजता राजीनामा लिहायला बसतो, तेव्हा त्याने जवळजवळ दोन पेले घेतलेले असतात असे समजा. तेवढे घेऊन कोणी खरेदीखतावर सही करील का?

नव्या नोकरीचीही तपासणी करा

लग्न ठरवताना आपण मुलाचे घर बघतो. नव्या नोकरीचेही पाहावे. पगारपत्रकात न दिसणाऱ्या काही गोष्टी डॉक्टरच्या नजरेने सांगतो.

१) तास. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एकत्र अभ्यास जाहीर केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक आढळला. नेमणूकपत्रातले तास पाहू नका. तिथल्या शिपायाला विचारा, दिवे किती वाजता बंद होतात.

२) येणे-जाणे. रोजचा तीन तासांचा प्रवास झोपेतून तरी वजा होतो, नाहीतर व्यायामातून. मधुमेह्याला दोन्ही परवडत नाहीत.

३) पाळी. रात्रपाळी असेल तर इन्सुलिन घेणाऱ्यांनी, फिट्सचा त्रास असलेल्यांनी, हृदयविकार झालेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. औषधांच्या वेळा नव्याने बसवाव्या लागतात.

४) जेवण. घरची भाकरी सुटून कँटीनचा वडा सुरू झाला की सहा महिन्यांत पोटाचा घेर सांगतो. डबा मिळेल का, खोलीवर स्वयंपाक होईल का, हे आधी पाहा.

५) औषधोपचाराची सोय. जुन्या कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःचा नवा विमा घेतला तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी काही काळ थांबावे लागते. २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची केली आहे. ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याच्या घरात म्हातारी माणसे आहेत, त्याने हा प्रश्न राजीनाम्याच्या आधी सोडवावा. जुना सामूहिक विमा वैयक्तिक करून घेता येतो का, त्याचा अर्ज कधी करायचा, हे विमा कंपनीला विचारून ठेवा. ई.एस.आय.चा लाभ असेल तर नव्या पगारावर तो राहील का, तेही विचारा.

६) हक्काचे पैसे. ग्रॅच्युइटीसाठी कायम कामगाराची साधारणपणे ५ वर्षे सलग सेवा लागते. काही महिने कमी पडत असतील तर घाई कशाला? भविष्यनिर्वाह निधी काढून घेऊ नका, नव्या खात्यात वळवा. पैशाची काळजीसुद्धा रक्तदाब वाढवते, म्हणून हे डॉक्टरने सांगायचे. घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे बाजूला असले तर रात्री झोप लागते.

निर्णय घ्यायची रीत

पुढील गोष्टी मी रुग्णांना कागदावर लिहून देतो.

पहिली गोष्ट, मुदत मागून घ्या. चांगला मालक दहा-पंधरा दिवस देतो. आज सांग नाहीतर राहिले, असे म्हणणारा पुढे कसा वागवील, याचा विचार करा.

दुसरी, रात्री आठनंतर हा विषय घरात बंद. निर्णयाचे बोलणे सकाळी करावे, पोटात काही गेल्यावर. सलग चार रात्री सहा-सात तास झोप झाल्याशिवाय कोणताही कागद सही करू नये.

तिसरी, एक दिवस नव्या नोकरीचा जगून पाहा. रजा काढा, पहाटेची बस धरा, त्या वेळेला त्या दारात पोहोचा, तिथल्या खानावळीत जेवा, संध्याकाळच्या गर्दीतून परत या. दुरून डोंगर साजरे असतात, एका दिवसात जवळून दिसतात.

चौथी, ज्यांच्या दिनक्रमावर परिणाम होणार त्या सर्वांना विचारा. घरातल्या बाईला शेवटी विचारायची आपली रीत आहे. ती मोडावी. नवे घर, नवी शाळा, सासूबाईंची औषधे हे सगळे बहुधा तिच्याच अंगावर पडते.

पाचवी, शक्य असेल तर परतीची वाट ठेवा. बिनपगारी रजा मिळते का पाहा. नाही मिळाली तर निदान भांडून निघू नका. सहा महिन्यांनंतरची एक तारीख कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी कसे चालले आहे ते पुन्हा पाहायचे, रोज नाही.

गेल्यानंतर पहिल्याच आठवड्यात नव्या गावातला एक डॉक्टर शोधून ठेवा. जुने कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. 'धावपळीत गोळ्या राहिल्या' हे वाक्य मी फार ऐकले आहे, आणि त्यातल्या काहींना पक्षाघात झालेला पाहिला आहे. पहिल्या महिन्याला आणि तिसऱ्या महिन्याला रक्तदाब व साखर पाहा. सुरुवातीचे काही आठवडे उगाच रडू येणे, जुन्या जागेची आठवण येणे स्वाभाविक आहे. वीस वर्षांची ओळख सुटलेली असते. ते महिना-दोन महिन्यांत ओसरावे. ओसरले नाही, जीव नकोसा वाटू लागला, तर लाजू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर बोला. तो चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. छातीत दाब, हातात कळ, दरदरून घाम असेल तर मात्र ते 'टेन्शन' समजून घरी बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

राहायचे ठरवले त्यांच्यासाठीही एक सूचना. ठरवून राहा, भीतीने नको. कामाच्या बाहेर तरी आपले काही असे एक करा, जिथे आपले चालते. शेत असो, भजनी मंडळ असो, मुलांची शिकवणी असो. दर वर्षी एकदा तोच प्रश्न पुन्हा स्वतःला विचारा.

त्या गृहस्थांचे काय झाले?

त्यांना मी झोपेची गोळी दिली नाही. रक्तदाबाची गोळी सुरू केली, रात्रीचा चहा बंद केला, आणि मित्राला फोन करून मुदत मागायला सांगितले. दहा दिवस मिळाले. दहा दिवसांनी ते पत्नीला घेऊन आले. झोप सहा तासांवर आली होती, रक्तदाब १४२/९०. हातात वही, तिच्यात फायदे-तोट्यांचे दोन रकाने. त्यांनी ते वाचायला सुरुवात केली. वहिनी आतापर्यंत गप्प होत्या. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, ते सगळं राहू द्या. यांना तिथं जायचंय की इथनं निघायचंय, तेवढं विचारा."

गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले, दोनदा बढतीत त्यांना डावलले होते. हे त्यांनी घरातही कधी उघड बोलून दाखवले नव्हते. त्या दिवशी ते बोलून मोकळे झाले. मी एवढेच म्हटले, "आता हा राग बाजूला ठेवून विचार करा. उद्या बढती मिळाली तर राहाल का?" दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बढती मिळाली तरी जावेसे वाटते, म्हणाले. सहा माणसांना घेऊन काम करायची त्यांची हौस होती, आणि २२ वर्षांत कोणी ते काम सोपवले नव्हते.

ते गेले, पण एकटे. मुलीची दहावी होईपर्यंत बिऱ्हाड इथेच ठेवले. दिवाळीला आले तेव्हा रक्तदाब १३२/८४ होता. वजन तीन किलो उतरले होते. काम आवडते, पण खानावळीच्या जेवणाला कंटाळलेत आणि दुपारच्या त्या अर्ध्या तासाची फार आठवण येते, म्हणाले. निर्णय बरोबर ठरला की चुकला, ते आताच सांगता येणार नाही. मी त्यांना फक्त गोळ्या चालू ठेवायला आणि कॅलेंडरवरची तारीख पाळायला सांगितले आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या खिशात असा अर्ज घडी करून ठेवलेला असेल, तर तो आठ दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवा. आणि तेवढ्यात एकदा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब मोजून घ्या.